‘वजावट’ कोणाच्या खिशातून?

इंदूरमध्ये मराठी शिकवताना माझ्याकडे कधी कधी साहित्याशी संबंध नसलेले कागदही येतात. ओळखीतल्या ज्येष्ठांना आरोग्य विम्याच्या दाव्याचे हिशेबपत्रक समजून घ्यायचे असते. पत्रक इंग्रजीत, एजंट बोलतो हिंदीत आणि घरातली चर्चा मराठीत. या प्रवासात तीन वेगवेगळ्या रकमांना एकच नाव मिळते: ‘कटौती’ किंवा ‘वजावट’. घोटाळा तिथेच होतो.

‘वजावट’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे तो आयकरामुळे. तिथे वजावट ‘मिळते’ आणि ती आपल्या फायद्याची असते. विम्याच्या पत्रकातील ‘डिडक्टिबल’ याच्या उलट आहे. कंपनीची जबाबदारी सुरू होण्यापूर्वी विमाधारकाने स्वतः सोसायची, पॉलिसी घेतानाच ठरलेली रक्कम म्हणजे डिडक्टिबल. ती मोठी ठेवली की हप्ता कमी बसतो. तिच्यामुळे विमा रक्कम मात्र घटत नाही.

एक काल्पनिक हिशेब पाहू. रुग्णालयाचे बिल 1,80,000 रुपये. त्यातील हातमोजे, नोंदणी शुल्क अशा बाबींचे 6,000 रुपये कंपनीने अमान्य केले. उरलेल्या 1,74,000 मधून 50,000 डिडक्टिबल गेले. राहिलेल्या 1,24,000 वर दहा टक्के ‘को-पे’, म्हणजे 12,400. कंपनीने दिले 1,11,600. रुग्णाने भरले 68,400. रकमा कोणत्या क्रमाने वजा करायच्या, हे पॉलिसीत पाहावे.

हे 68,400 रुपये सरसकट ‘कापले’ म्हटले, की महत्त्वाचा भेद पुसला जातो. डिडक्टिबल आणि को-पे आपण सही करून मान्य केलेले असतात. तिथे फक्त आकडा पॉलिसीशी ताडून पाहायचा. अमान्य रकमेचे कारण मात्र विचारता येते आणि विचारावे. एकाच शब्दामुळे काही जण मान्य केलेल्या रकमेसाठी भांडतात आणि जाब विचारण्याजोग्या रकमेवर गप्प बसतात.

टॉप-अप पॉलिसीत आणखी एक मेख असते. समजा, डिडक्टिबल 5 लाख आहे आणि वर्षात दोनदा 3-3 लाखांचे बिल झाले. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक वेळचे बिल सहसा स्वतंत्र मोजतात, म्हणून काहीच मिळत नाही. सुपर टॉप-अपमध्ये वर्षाची बेरीज धरतात, म्हणून 1 लाख मिळू शकतात. रुग्णालयातील रोज भत्ता देणाऱ्या पॉलिसीत हीच अट रुपयांऐवजी दिवसांत किंवा तासांत असते.

मराठीत यासाठी मी तीन शब्द सुचवते: डिडक्टिबलला ‘स्वभार’, को-पेला ‘सहभार’ आणि कंपनीने नाकारलेल्या रकमेला ‘अमान्य रक्कम’. ‘स्वभार’ म्हणताच पैसा कोणाच्या खिशातून जाणार ते कळते. व्यवहाराच्या भाषेची अशी काळजी आपल्या परंपरेला नवी नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा बहुभाषी कोश करवून घेतला होता. बोलताना लोक ‘डिडक्टिबल’च म्हणतील, त्याला हरकत नाही. पण समजावून सांगताना वेगळ्या गोष्टींना वेगळी नावे हवीत.

पॉलिसीसोबत ग्राहक माहितीपत्रक मिळते. स्वभार, सहभार आणि तक्रारीची वाट त्यात थोडक्यात दिलेली असते. ते स्थानिक भाषेत मागण्याची सोय आहे. अमान्य रकमेचे कारण पटले नाही, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही. वर्गात पत्रलेखन शिकवताना ही तक्रार विद्यार्थ्यांकडून एकदा लिहून घ्यावी. घरातल्या आजी-आजोबांसाठी ते पत्र कधीतरी खरोखर लिहावे लागेल.