विरलेले रेशीम, टिकलेली कोर

पारशी स्त्रियांची ‘गारा’ ही साडी चीनच्या कँटन बंदराशी झालेल्या व्यापारातून घडली. मुंबईहून कापूस व अफू घेऊन जाणारे पारशी व्यापारी परतताना चहाबरोबर भरतकामाचे रेशीम आणीत, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्या मागणीनुसार चिनी कारागीर साडीच्या लांबीचे कापडही भरू लागले. पीळ न दिलेला रेशमी धागा सपाट, एकमेकांलगत टाकल्यामुळे पाकळीवर उजेड खेळतो, तर ‘खाखा’ या टाक्यात दोरा सुईभोवती गुंडाळून मोत्याच्या दाण्यासारखी बारीक गाठ मारली जाते. क्रौंच आणि पॅगोडे चिनीच राहिले. शेवंतीला मात्र पारशी घरांनी ‘करोळिया’, म्हणजे कोळी, आणि ठिपक्यांना ‘कांदा-पपेटा’, म्हणजे कांदा-बटाटा, अशी आपुलकीची नावे दिली.

घाम, प्रकाश आणि वर्षानुवर्षे त्याच जागी पडणारी घडी यांमुळे मूळ रेशीम विरते व चिरते, पण दाट भरतकाम बहुधा त्याहून अधिक टिकते. म्हणून साडीच्या काठाला लावलेली भरतकामाची पट्टी, म्हणजे ‘कोर’, उसवून नव्या साडीला जोडण्याची रीत पारशी घरांत जुनीच आहे, जशी जीर्ण पैठणीचा पदर व काठ काढून दुसऱ्या वस्त्राला लावण्याची रीत मराठी घरांत आहे.

दिल्लीत शेरनाझ कामा यांनी 1999 मध्ये सुरू केलेल्या ‘पारझोर’ या उपक्रमाने या कलेची नोंद व पुनरुज्जीवन हाती घेतले, 2016 मध्ये राजधानीतील प्रदर्शनांतून पारशी वस्त्रपरंपरा लोकांसमोर आली, आणि अशदीन लीलाओवाला यांच्यासारख्या दिल्लीस्थित वस्त्ररचनाकारांनी गाऱ्याची नक्षी नव्याने भरून घेतली. नव्याने भरून घेण्याचा हा मार्ग सर्वांत निर्धोक, कारण त्यात जुन्या वस्त्राला कात्री लागत नाही. जुना गारा कापून जाकीट किंवा पिशवी शिवण्याची गोष्ट वेगळी आहे: धड असलेली साडी कापली की कोपऱ्यावर वेल कशी वळवली आणि पदराकडे नक्षी कशी दाट होत गेली हा पुरावाच नाहीसा होतो, आणि ते नुकसान कोणत्याही सुंदर जाकिटाने भरून निघत नाही.

जिथे रेशीम खरोखरच हाताला सुटू लागले आहे, तिथे आधी संपूर्ण वस्त्राचे छायाचित्र घ्यावे, नक्षी तिच्याभोवती मूळ कापडाची थोडी कड राखून कापावी, नव्या अस्तरावर बारीक, पुढे उसवता येतील अशा टाक्यांनी बसवावी, आणि उरलेला एखादा कोपरा मलमलीत गुंडाळून जपावा.