टनामागे शंभर रुपये म्हातारपणाला



नोकरदार ५८-६० व्या वर्षी रिटायर होतो. हारतुरे होतात, फंडाची रक्कम हाती पडते. आपल्याला कोण रिटायर करणार? कंबर धरली, डोळ्यांना दिसेनासं झालं, की पोरगा म्हणतो, "आबा, आता बसा घरी." तीच आपली निवृत्ती. तिची तारीख ठरलेली नसते, खर्च मात्र चुकत नाही.

तो एकदा कागदावर मांडा. किराणा, दूध, गोळ्या-औषधं, एस.टी., आहेर-माहेर धरून दोघा म्हाताऱ्यांना आज महिना ६,००० रुपये लागतात असं समजू. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली, तर बारा वर्षांत याचे १२,००० होतात. मोतीबिंदू, गुडघा, घसरून मोडलेलं हाड हे निराळंच.

उसाच्या बिलातून सोसायटीचं कर्ज, पाणीपट्टी कापली जाते तेव्हा आपण कुरकुरतो. पण कापलं जातं म्हणूनच ते देणं फिटतं, हेही खरं ना? हाती आलेलं बिल मात्र खतवाला, ट्रॅक्टरवाला आणि एखादं लग्न यांत आठवड्यात विरतं. म्हणून एक कपात आपली आपणच करावी, टनाला १०० रुपये. वर्षाला ८० टन ऊस जात असेल तर ८,००० झाले. वीस वर्षांत मुद्दलच १,६०,०००, वर व्याज. एवढ्यात सगळं म्हातारपण निघणार नाही, कबूल. पण डॉक्टरकडे जायला सुनेकडे पैसे मागावे लागणार नाहीत. ते मागणं किती जड जातं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

हे पैसे घरात किंवा भिशीत ठेवू नयेत. पोस्टात पी.पी.एफ. खातं काढावं. मुदत पंधरा वर्षांची, आणि त्यातली शिल्लक कर्जापोटी कोर्टाच्या हुकुमानेही जप्त होत नाही. घरातल्या चाळिशीच्या आतल्या मुलांसाठी २०१९ पासूनची पंतप्रधान किसान मानधन योजना आहे. जमीन दोन हेक्टरपर्यंत हवी. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच केंद्र सरकार घालतं, आणि साठीनंतर महिना ३,००० मिळतात.

खातं कुणाच्या नावावर काढायचं? माझं मत विचाराल तर घरधनिणीच्या. पुष्कळ घरांत मागे तीच राहते, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं. बिल जमा झालं की त्याच दिवशी, बाजारला जायच्या आधी, तिला घेऊन पोस्टात जावं.