साठी, बुद्धी आणि सही

आमच्या अण्णांची सही फार देखणी होती. टाक-दौतीवर हात बसलेल्या पिढीची ती सही. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावात ते बावीस वर्षे विकास सोसायटीचे चेअरमन होते. स्वतःच्या ऊसबिलातून दुसऱ्याचा हप्ता भरणारा माणूस, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती.

तीसेक वर्षांपूर्वी दिवाळीला गावी गेलो होतो. अण्णा तेव्हा शहात्तर वर्षांचे. सोसायटीच्या मीटिंगला त्यांना सोबत म्हणून गेलो आणि कोपऱ्यात बसून राहिलो. सचिव एकेक कागद पुढे सरकवीत होता, सही करायची तिथे बोट ठेवीत होता आणि अण्णा त्या बोटाशेजारी आपली देखणी सही उठवीत होते. एकही कागद त्यांनी वाचला नाही. परतताना मी विचारले, "अण्णा, आज कशाकशावर सह्या केल्या?" ते जरा थांबले. म्हणाले, "सचिवाला ठाऊक आहे की." आणि चार पावलांनंतर त्यांनी मला विचारले, "तू कधी आलास रे?" मी आदल्या दिवशीच आलो होतो. रात्री आम्ही एका पंगतीला जेवलो होतो.

घरात सगळ्यांना कळत होते. काकूला कळत होते, चुलतभावांना कळत होते, संचालकांना तर नक्कीच कळत होते. पण अण्णांना "आता पुरे" म्हणायचे कोणी? मीही म्हटले नाही. शहरात बँकेत नोकरी करणारा, कागद वाचूनच सही करावी हे रोज ग्राहकांना सांगणारा मी; पण गप्प राहिलो. त्या कागदांत माझ्या सख्ख्या भावाच्या कर्जाचेही एक प्रकरण होते.

राज्यकर्त्यांच्या वयाचा आणि तब्येतीचा विषय निघाला की मला ती सही आठवते. सोसायटी आणि देश यांची तुलना कोणाला हास्यास्पद वाटेल. पण प्रश्न तोच आहे. सही कोणाची आणि बोट कोणाचे?

वय हा गुन्हा नव्हे

"साठी बुद्धी नाठी" ही म्हण आपण फार सहज वापरतो. आता स्वतः सत्तरीच्या उंबरठ्यावर उभा असल्याने ती मला पूर्वीइतकी विनोदी वाटत नाही, हे कबूल करतो. पण इतिहासही या म्हणीला फारशी साथ देत नाही. मोरारजी देसाई मार्च १९७७ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे होते. १९७९ मध्ये त्यांचे सरकार पडले ते पक्षातल्या फाटाफुटीमुळे, त्यांच्या प्रकृतीमुळे नव्हे. ते गेले १९९५ मध्ये, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी. उलट लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले तेव्हा साठीलाही पोहोचले नव्हते. त्यांचे हृदय मात्र आधीपासून दुबळे होते. त्याच हृदयानिशी त्यांनी १९६५ चे युद्ध निभावले आणि जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला ते गेले. साल मोजून माणूस ओळखता येत नाही, तो असा.

मराठवाड्यातल्या वाचकांना तर आणखी जवळचे उदाहरण देता येईल. मार्च १९४८ मध्ये सरदार पटेलांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर सहाच महिन्यांनी, १३ ते १७ सप्टेंबर या काळात, हैदराबादची पोलीस कारवाई झाली आणि मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्या वेळी सरदार बहात्तर वर्षांचे होते. प्रकृतीच्या कारणावरून त्यांना त्या उन्हाळ्यात घरी बसवले असते तर? त्यांचे शरीर थकले होते, पण काय करायचे आणि का करायचे हे त्यांना स्वच्छ दिसत होते. सहीही त्यांची होती आणि बोटही त्यांचेच होते.

महाराष्ट्रात हा वाद घरातल्या घरातही झालेला आपण पाहिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये साताऱ्याच्या सभेत भर पावसात उभे राहून शरद पवारांनी भाषण केले तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि कर्करोगाशी झुंज देऊन आलेले होते. त्या पावसाचे निवडणुकीत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पुढे जुलै २०२३ मध्ये पक्ष फुटला तेव्हा अजित पवारांनी जाहीर सभेत काकांच्या वयाचा प्रश्न काढला. सरकारी नोकर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, मग तुम्ही कधी थांबणार, असा त्यांचा सूर होता. काकांनी उत्तरादाखल मोरारजींच्या वयाची आठवण करून दिली. त्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या बाकावर बसणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांत दोन तट पडले होते. गंमत म्हणजे ज्यांची मुले घरचा व्यवहार हाती मागत होती, ते सगळे काकांच्या बाजूचे होते.

पडद्याआडचा कारभार

मग काळजी करण्यासारखे काहीच नाही का? आहे. पण ते आजारापेक्षा आजाराच्या लपवालपवीत आहे.

ऑक्टोबर १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. पुढचे सुमारे सतरा महिने ते अध्यक्ष राहिले. आजाराचे खरे स्वरूप मंत्र्यांपासूनही दडवले गेले. कोणता कागद अध्यक्षांपर्यंत न्यायचा आणि केव्हा न्यायचा, हे त्यांच्या पत्नी एडिथ ठरवीत. परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी अध्यक्षांविना मंत्रिमंडळाच्या बैठका बोलावल्या, तर त्यांना राजीनामा द्यावा लागला. याच काळात व्हर्सायचा तह अमेरिकी सिनेटने फेटाळला आणि ज्या राष्ट्रसंघाचे स्वप्न विल्सन यांनी जगाला दाखवले होते, त्यात त्यांचाच देश गेला नाही. विल्सन धडधाकट असते तर वेगळे घडले असते का, हे सांगता येणार नाही. पण वाटाघाटी करायला, दोन पावले मागे यायला जो माणूस हवा होता, तो बिछान्यावर होता.

चर्चिल यांना जून १९५३ मध्ये पंतप्रधान असतानाच असा झटका आला. बड्या वृत्तपत्रांच्या मालकांना ते ठाऊक होते. त्यांनी मिळून मौन पाळले आणि जनतेला सांगण्यात आले की पंतप्रधानांना विश्रांतीची गरज आहे. फ्रान्सचे मित्तराँ यांची गोष्ट तर याहून विलक्षण. १९८१ मध्ये निवडून येताना त्यांनी दर सहा महिन्यांनी आपल्या प्रकृतीचे पत्रक काढण्याचे वचन दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे निदान झाले. पत्रके मात्र नेमाने निघत राहिली आणि त्यांत सगळे ठीक असल्याचे छापले जात राहिले! १९८८ मध्ये ते पुन्हा निवडून आले. आजार जाहीर झाला तो १९९२ मध्ये. बरे, या सर्व काळात त्यांनी कारभार केला नाही असे कोणी म्हणणार नाही. पण मतदाराने ज्या कागदावर विश्वास ठेवला, तो कागद खोटा होता.

आपल्याकडे

आपल्याकडे या बाबतीत आणखी एक गोष्ट मिसळते. ती म्हणजे माया. एम. जी. रामचंद्रन यांना १९८४ च्या ऑक्टोबरात पक्षाघात झाला आणि उपचारांसाठी त्यांना न्यूयॉर्कला नेले. त्यांनी ती निवडणूक परदेशातल्या रुग्णालयातून लढवली आणि जिंकली. रुग्णालयातले त्यांचे चित्रीकरण गावोगाव दाखवले गेले आणि लोकांनी डोळे पुसत मते दिली. पुढे वाणीवर परिणाम झालेल्या अवस्थेतही ते १९८७ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत मुख्यमंत्री राहिले. त्याच तामिळनाडूत २०१६ मध्ये जयललिता २२ सप्टेंबरला रुग्णालयात गेल्या आणि ५ डिसेंबरला वारल्या. त्या अडीच महिन्यांत काय झाले याच्या चौकशीसाठी पुढे आयोग नेमावा लागला.

आणि गोवा. मनोहर पर्रीकरांविषयी लिहिताना माझाही हात जड होतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते आजारी पडले. मुंबई, अमेरिका, दिल्ली असे उपचार झाले. आजार कर्करोगाचा आहे हे सरकारच्या वतीने उघड बोलले गेले ते ऑक्टोबरात. दरम्यान सप्टेंबरमध्ये गोव्यातल्या दोन आजारी मंत्र्यांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आले, आणि त्या वेळी मुख्यमंत्री स्वतः दिल्लीच्या रुग्णालयात होते! नाकात नळी घेऊन मांडवीवरच्या पुलाची पाहणी करणारे पर्रीकर आपण सर्वांनी छायाचित्रात पाहिले. जानेवारी २०१९ च्या अखेरीस त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्चला ते गेले. त्रेसष्ट हे काही जाण्याचे वय नव्हे. ते छायाचित्र पाहून आमच्या घरात दोघांची दोन मते झाली. माझी पत्नी म्हणाली, "काय जिद्द आहे माणसाची!" माझी सून म्हणाली, "आई, पण त्यांना घरी कोणी का राहू देत नाही?" दोघींचेही मला पटले. त्यांच्या जागी चालेल असा दुसरा माणूस आघाडीतल्या पक्षांना सापडत नव्हता, हे त्या प्रश्नाचे एक उत्तर होते. म्हणजे एका आजारी माणसाच्या धैर्यावर सरकार तोलून धरले होते. धैर्य त्यांचे, सोय इतरांची.

दाखला कोणी मागायचा?

चाळिशीनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण करायचे तर डॉक्टरचा दाखला लागतो. विमानाच्या वैमानिकाची ठराविक मुदतीने तपासणी होते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात. लोकसभेला उभे राहायला किमान पंचवीस वर्षे वय लागते, पण वरची मर्यादा नाही. न्यायालयाने मनोविकल ठरवलेली व्यक्ती अपात्र ठरते, एवढेच काय ते राज्यघटना सांगते. उमेदवाराने मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे यांचे शपथपत्र द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयामुळे २००३ पासून रूढ झाले. प्रकृतीचा रकाना त्यात नाही.

तो असावा का? पुष्कळ दिवस मला वाटे की असावा. आता तितकेसे वाटत नाही. एकदा रकाना आला की मधुमेहाचेही राजकारण होईल, आणि कोणा बाईच्या शस्त्रक्रियेची चर्चा पारावर होईल. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय पोलिओने गेले होते, तरी त्यांनी महामंदीतून आणि महायुद्धातून देश नेला. रकाना भरून त्यांचे काय कळले असते? आणि शेवटच्या काळातले त्यांचे बळावलेले दुखणे मात्र १९४४ च्या निवडणुकीत मतदाराला कळले नाही. चौथ्यांदा शपथ घेतल्यावर तीन महिन्यांतच ते गेले.

रोगाचे नाव कळण्यापेक्षा काम होते आहे की नाही हे कळणे महत्त्वाचे. त्यासाठी डॉक्टर लागत नाही. नेता सभागृहात येतो का? लिहून दिलेले वाचण्यापलीकडे, अवचित आलेल्या प्रश्नाला उत्तर देतो का? तो नसताना काम कोण पाहणार हे आधी सांगितलेले असते का? जून २०२४ मध्ये अमेरिकेत जो बायडेन यांच्याबाबत हेच झाले. एक्याऐंशी वर्षांच्या अध्यक्षांबद्दल त्यांच्या भोवतालचे लोक दीर्घकाळ जे नाकारत होते, ते दूरचित्रवाणीवरच्या दीड तासाच्या वादसभेत लोकांनी स्वतः पाहिले. महिनाभराच्या आत त्यांनी उमेदवारी सोडली. पुढे निवडून आलेले डोनाल्ड ट्रम्प शपथ घेताना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. म्हणजे वयाचा प्रश्न सुटला नाही, एका माणसापुरता मिटला.

हे नीटही करता येते. जानेवारी २००९ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्यावर हृदयाची शस्त्रक्रिया झाली. मुंबईचे शल्यविशारद त्यासाठी दिल्लीला गेले. शस्त्रक्रिया आधी जाहीर झाली, प्रणव मुखर्जी काम पाहतील हे सांगितले गेले, डॉक्टरांनी माहिती दिली. शहात्तर वर्षांचे पंतप्रधान कामावर परतले आणि मे महिन्यात लोकांनी त्यांच्या आघाडीला पुन्हा निवडून दिले. लोकांनी आजाराची शिक्षा केली नाही. राष्ट्रपती आजारी असतील तर उपराष्ट्रपतींनी काम पाहावे, असे घटनेत लिहिलेले आहे. पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांसाठी तसे काही लिहिलेले नाही. ते लिहिले गेले, तर मला वाटते निम्मी लपवालपवी आपोआप संपेल. कारण माणूस आजार लपवतो तो बहुधा खुर्ची जाईल या भीतीने. रजा घेऊन परतता येते हे ठाऊक असेल, तर लपवायचे कशाला?

आमच्या सोसायटीची गोष्ट पुरी करतो. त्या दिवाळीनंतर दोन वर्षांनी थकबाकी इतकी फुगली की जिल्हा बँकेने सोसायटीचा कर्जपुरवठा थांबवला. ज्यांनी वेळेवर हप्ते भरले होते, त्या लहान शेतकऱ्यांनाही खरिपाला पीककर्ज मिळाले नाही. काहींनी सावकार गाठला. चौकशी आली. अधिकाऱ्याने घरी येऊन अण्णांसमोर कागद ठेवले आणि विचारले, ही सही तुमचीच ना? अण्णांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले. म्हणाले, "सही माझीच आहे. पण हे काय आहे?"

माझ्या भावाने पुढे आपले कर्ज फेडले. मी त्याला निम्मे पैसे दिले. का दिले, ते मी त्याला सांगितले नाही. अण्णा त्यानंतर तीन वर्षे जगले. अखेरपर्यंत त्यांना वाटत होते की आपणच चेअरमन आहोत. त्यांचे वय झाले होते, यात त्यांचा काही दोष नव्हता. त्यांच्या भोवती बसलेले आम्ही मात्र सगळे तरुण होतो आणि आमच्या तब्येती उत्तम होत्या.