मॉझर रायफलीचे वय

आजोबांच्या काळापासून चालत आलेली शिकारी रायफल काही घरांत अद्याप परवान्यावर जपलेली आढळते. ती जर्मन आहे आणि फार जुनी आहे, यापलीकडे घरच्यांना सहसा काही सांगता येत नाही. कोणी फार तर नळीच्या मुळाशी कोरलेले ‘मॉझर’ हे नाव दाखवितो. परंतु नावावरून वय ठरत नाही. मॉझरची १८९८ ची यंत्रणा इतकी भरवशाची ठरली की, जर्मनीतील झूल गावचे कारागीर काय किंवा लंडनचे रिग्बी काय, ती यंत्रणा ओबर्नडोर्फहून विकत घेऊन तिच्यावर आपली नळी व दस्ता चढवीत. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रिग्बी रायफलदेखील याच जातीची होय.

खरा दाखला असतो तो लाकडाखाली झाकलेल्या नळीच्या तळाशी. १८९१ च्या कायद्याने जर्मनीत प्रत्येक बंदुकीची सरकारी चाचणी सक्तीची केली आणि १८९३ पासून उत्तीर्ण नळीवर मुकुटाखाली अक्षरे ठोकली जाऊ लागली. १९१८ साली कैसर गेला, तरी मुकुट मात्र गेला नाही. सरकारी शिक्के राजांहून चिवट असतात! १९४० पासून त्याची जागा गरुडाने घेतली. याखेरीज अनेक नळ्यांवर चाचणीचा महिना व साल असते. ‘५.२६’ असे आकडे दिसले तर ती नळी मे १९२६ मधली समजावी.

ही चौकशी निव्वळ हौसेची नव्हे. आठ मिलिमीटरच्या जर्मन काडतुसाची गोळी पूर्वी ८.०९ मिलिमीटर जाडीची असे. लष्कराने १९०५ साली ८.२२ ची नवी गोळी स्वीकारली. शिकारी रायफली मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे जुन्या मापाने बनत राहिल्या. फरक केसाएवढा, पण जाड गोळी अरुंद नळीत शिरली म्हणजे दाब भलताच वाढतो आणि प्रसंगी डागणाऱ्याच्या चेहऱ्याशीच अपघात होतो. जुन्या मापाला ‘जे’ म्हणतात, तेही वाचनाच्या चुकीने. मूळ अक्षर ‘आय’, म्हणजे इन्फन्ट्रीचे. जुन्या जर्मन वळणात ते ‘जे’सारखे दिसे. मात्र केवळ सालावर विसंबू नये. मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून कारागिराकडून माप घ्यावे.

रायफल उघडण्याचे कामही परवानाधारक कारागिराचेच. तो प्रथम कोठी व मॅगझीन रिकामे असल्याची बोटाने चाचपून खात्री करतो. नंतर डाव्या बाजूची खिट्टी बाहेर ओढून बोल्ट मागे काढून घेतो. मॅगझीनची तळपट्टी काही रायफलींत कळ दाबून उघडते, तर काहींत छिद्रात टोक खुपसून ती सरकवावी लागते. मग उरतात ते दोन मुख्य स्क्रू, एक मॅगझीनच्या पुढे व दुसरा चापाच्या मागे. त्यांच्या शेजारी इवलेसे अडसर-स्क्रू असल्यास आधी ते काढावे लागतात. खाचेत अचूक बसणारा स्क्रूड्रायव्हर नसेल तर काम तेथेच थांबवावे. बोथट हत्याराने खाच एकदा फाटली की ती पुन्हा सांधत नाही. पुढच्या दस्त्यात नळीला धरणारा आणखी एखादा स्क्रू किंवा पाचर दडलेली असते. ती विसरून जोर लावला की अक्रोडाचे लाकूड चिरते. तेलाने चिकटलेली नळी टोकाला धरून उचकटू नये, सरळ वर उचलावी.

एवढे झाल्यावर शिक्के दिसतात, आणि कधी कधी नवा पेच उभा राहतो. यंत्रणा एका काळाची आणि नळी दुसऱ्या काळाची! झिजलेली नळी बदलण्याची रीत होतीच. अशा वेळी नळीवरील साल नळीचे, रायफलीचे नव्हे. आणि काडतूस निवडताना नळीचेच माप मानावयाचे असते.