विश्लेषण : नवे स्पीकर बसवले तरी गाडीचे दार का खडखडते?

गाण्यांना ‘बेस’ कमी पडतो म्हणून गाडीचे स्पीकर बदलायचे आणि चार दिवसांत दारातून खडखड सुरू झाली म्हणून पुन्हा दुकान गाठायचे, हा अनुभव अनेक कारमालकांच्या ओळखीचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील खड्ड्यांच्या रस्त्यांवर तो जरा लवकरच येतो. अशा वेळी दोष स्पीकरला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुतेकदा दारात असतो. दार आधी नीट केले, तर कंपनीने दिलेल्या स्पीकरमधूनही बरा बेस मिळतो आणि पुढचा बराच खर्च टळू शकतो. मात्र घाईत केलेले काम दारात पाणी साठण्यापासून वायरिंग जळण्यापर्यंतच्या अडचणी ओढवून घेते. म्हणून हे काम कोणत्या क्रमाने करावे, याविषयी.

खडखड नेमकी कशाची असते?

गाडीचे दार बाहेरून एकसंध दिसते, पण आतून ते पोकळ असते. बाहेरचा पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. आत काच, ती वर-खाली करणारी यंत्रणा, कुलपाच्या सळ्या, वायरी आणि कपलर असतात. त्यावर प्लास्टिकच्या क्लिपांनी अडकवलेले डोअर पॅड असते. स्पीकर या पोकळीच्या तोंडाशीच बसवलेला असतो. त्याचा पडदा पुढे-मागे हलला की पत्रा आणि पॅडही थरथरतात. प्रत्येक वस्तूची थरथरण्याची स्वतःची एक गती असते. गाण्यातील बेसचा सूर त्या गतीशी जुळला की ती वस्तू जोरात हलते आणि शेजारच्या भागावर आपटते. त्यामुळेच एका गाण्यात दार शांत राहते आणि दुसऱ्या गाण्यात ठरावीक ठेक्यालाच ‘कर्र’ आवाज येतो.

जिल्ह्यातील रस्त्यांवर ही तक्रार लवकर का येते?

नगर-मनमाड रस्त्याची दुरवस्था हा जिल्ह्यात अनेक वर्षांचा विषय आहे. शिर्डी आणि शनिशिंगणापूरकडे जाणारी वर्दळ, उसाच्या ट्रॉल्या आणि अवजड वाहने यांतून वाट काढताना गाडीला सतत हादरे बसतात. करंजी किंवा इमामपूर घाटातील वळणांवर सांगाड्याला पीळही बसतो. या हादऱ्यांनी डोअर पॅडच्या क्लिपा सैल होतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. उन्हात उभ्या गाडीचे प्लास्टिक तापून प्रसरण पावते आणि रात्री आकसते. त्यात क्लिपांची पकड आणखी कमी होते. काचेच्या रबरी पट्टीत धूळ बसून ती कडक झाली, की काचही हलू लागते.

वाहन उद्योगात हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. खडबडीत धावपट्टीवर गाडी चालवून आतले आवाज शोधण्याची पद्धत त्यात रूढ आहे. वाहनांच्या चाचण्या करणारी, संरक्षण संशोधन व विकास संघटनेची ‘व्हीआरडीई’ ही संस्था अहिल्यानगरलाच आहे. पण नव्या गाडीची चाचणी उत्तीर्ण झालेले दार पाच वर्षांच्या वापरानंतर तसेच राहत नाही. त्यात पॅड काढून नवे स्पीकर बसवताना दोन क्लिपा तुटल्या आणि तशाच सोडून दिल्या, तर खडखड ठरलेलीच.

बेस दारातच का हरवतो?

स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागे हवा विरळ होते. म्हणजे स्पीकरच्या दोन्ही बाजूंनी आवाज निघतो, पण एकमेकांच्या उलट. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोके असतात. त्यांवर बहुतेकदा पातळ पॉलिथिनचा कागदच चिकटवलेला असतो. मागचा आवाज या भोकांतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला खोडून काढतो.

याचा फटका बेसलाच बसतो. ६० हर्ट्झच्या सुराची एक लाट हवेत सुमारे पावणेसहा मीटर लांब असते. तिच्यापुढे दारातले काही सेंटिमीटरचे अंतर नगण्य असल्याने दोन्ही लाटा एकमेकींना जवळजवळ पूर्ण खोडतात. ५,००० हर्ट्झच्या बारीक सुराची लाट मात्र सुमारे सात सेंटिमीटरची असते, ती अशी सहज पुसली जात नाही. त्यामुळे गायिकेचा आवाज स्वच्छ ऐकू येतो आणि ढोलकीचा डग्गा गायब होतो. यावर उपाय म्हणून आवाज वाढवला की पत्रा अधिक थरथरतो. बेस वाढत नाही, खडखड वाढते.

खडखडीची जागा घरी कशी शोधायची?

यासाठी अर्धा तास, एक मदतनीस आणि मोबाइल पुरेसा आहे. आधी दाराच्या कप्प्यातील बाटल्या, सुटी नाणी, कागदपत्रे बाहेर काढावीत. अनेक तक्रारी इथेच संपतात. मग बॅलन्स आणि फेडर वापरून एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवावा. मोबाइलवरच्या टोन जनरेटर अ‍ॅपने ४० ते २०० हर्ट्झपर्यंतचा सूर मध्यम आवाजात हळूहळू चढवत न्यावा. ज्या सुराला खडखड होते तिथे थांबून मदतनीसाने पॅडचे कोपरे, हँडलची वाटी, काचेच्या बटणांची पट्टी आणि स्पीकरची जाळी एकेक करून हाताने दाबावी. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो, तिथेच दोष असतो.

काच पूर्ण वर, अर्धी आणि पूर्ण खाली ठेवून हीच चाचणी पुन्हा करावी. आवाज बदलला तर काचेची पट्टी किंवा यंत्रणा सैल आहे. कुठेही दाबून फरक पडत नसेल, तर आतली सळी किंवा वायर पत्र्यावर आपटत असण्याची शक्यता असते. स्पीकरच खराब आहे का, हे पाहण्यासाठी गाणे बंद करून त्याचा पडदा दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा व हलका आत दाबावा. घासल्यासारखे लागले तर आतली कॉइल बिघडली आहे. अशा वेळी स्पीकर बदलणे योग्यच. आवाज डिकीकडून येत असेल, तर मागची नंबरप्लेट आणि स्टेपनीचे बोल्टही तपासावेत.

दार दुरुस्त करताना काय करतात?

पहिली पायरी तुटलेल्या क्लिपा बदलण्याची. या क्लिपा स्वस्त असतात. गाडीच्या मॉडेलच्याच घ्याव्यात. दुसरी पायरी सळ्या, वायरी आणि कपलरवर कापडी किंवा फोमची टेप गुंडाळण्याची. तिसरी पायरी डॅम्पिंग शीटची. ही ब्युटाइल रबराची, वरून अ‍ॅल्युमिनियमची पत्री असलेली चिकट शीट असते. ती बाहेरच्या पत्र्याच्या आतून, विशेषतः स्पीकरच्या मागे, रोलरने घट्ट दाबून लावतात. सगळा पत्रा मढवण्याची गरज नसते. मधल्या मोकळ्या भागाचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा झाकला तरी मोठा फरक पडतो. पत्र्यावर बोटाने टकटक केल्यास आधी रिकाम्या डब्यासारखा ‘टण्ण’ आवाज येतो. काम नीट झाले की तो ‘ठप्प’ असा येतो. छताची गळती थांबवण्याचे डांबरी शीट दारात लावू नये. उन्हात ते मऊ पडते, त्याला वास येतो आणि ते सुटून खाली पडते.

चौथी पायरी आतल्या पत्र्याची भोके बंद करण्याची. स्पीकर मजबूत रिंगवर घट्ट कसावा आणि त्याच्या कडेने फोमचा गोल लावावा. त्यामुळे आवाज पॅडच्या आत न घुमता जाळीतून थेट बाहेर येतो.

इथे एक खबरदारी महत्त्वाची. पावसाचे पाणी काचेवरून ओघळून दाराच्या आत जातच असते आणि तळाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते. ही छिद्रे शीटने बुजली तर पाणी साठून दार गंजते. पॉलिथिनचा कागद फाडून तसाच सोडला तर पाणी आत पायाशी येते. काम झाल्यावर काचेवर बाटलीभर पाणी ओतून ते दाराखालून निघते का, हे दुकानातच पाहावे.

मोठा स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर की वूफर?

म्युझिक सिस्टिमवर लिहिलेल्या ‘५० वॉट गुणिले ४’ या आकड्याला भुलू नये. गाडीच्या साधारण १४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसताना, सलग मिळणाऱ्या शक्तीची मर्यादाच सुमारे २४ वॉटची आहे. प्रत्यक्षात १५ ते २० वॉटच मिळतात. त्यामुळे स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायर घेताना ‘आरएमएस’ वॉट पाहावेत. ‘मॅक्स’चा आकडा जाहिरातीपुरता असतो. शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते.

दुसरी अडचण स्पीकरच्या हालचालीची. तेवढ्याच जोराचा आवाज निम्म्या हर्ट्झला काढायचा असेल, तर पडद्याला चौपट हलावे लागते. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला ४० हर्ट्झचा सूर म्हणूनच झेपत नाही. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये ‘हाय पास फिल्टर’ असेल तर तो ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावा. खालचे सूर दारांकडे जाणे कमी होते, खडखड घटते आणि मधला आवाज स्वच्छ होतो. या बदलाला एक रुपयाही लागत नाही.

खालचे सूर खरोखरच हवे असतील तर वेगळा सबवूफर घेणे योग्य. गाडीचा छोटा बंदिस्त कप्पा अगदी खालच्या सुरांना आपोआप उठाव देतो, त्यामुळे घरापेक्षा गाडीत लहान वूफरही पुरतो. सीटखाली बसणारा आठ इंची वूफर कमी जागेत काम भागवतो. डिकीत दहा इंची वूफर बंद पेटीत बसवला तर ठोका नेमका मिळतो. भोक असलेली पेटी अधिक जोरात वाजते, पण तिचे माप वूफरच्या तांत्रिक आकड्यांनुसार काटेकोर असावे लागते. तयार ‘बेस ट्यूब’मध्ये हे माप प्रत्येक वूफरला जुळेलच असे नाही.

वायरिंगमध्ये धोका कुठे असतो?

अ‍ॅम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीतून येते. ३०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरावर असताना सुमारे ३० अँपिअर प्रवाह ओढू शकतो. ही वायर घासून पत्र्याला टेकली आणि मध्ये फ्यूज नसेल, तर ती लालबुंद होऊन पेट घेते. त्यामुळे फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असावा, इंजिनच्या भिंतीतून वायर रबरी बुचातून न्यावी आणि वायर पूर्ण तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण तेवढ्याच जाडीत कमी प्रवाह वाहते. लहान पेट्रोल गाड्यांत सहसा ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. इंजिन बंद ठेवून मोठ्याने गाणी वाजवत राहिल्यास सेल्फ मारताना ती दगा देते.

कंपनीची वायर कापू नये, मॉडेलनुसार मिळणारे कपलर वापरावेत. वायर कापल्याचे कारण दाखवून वॉरंटी नाकारली जाऊ शकते. एअरबॅगच्या वायरी बहुधा पिवळ्या कपलरच्या असतात. सीटखाली वूफर बसवताना किंवा पुढच्या खांबातून ट्विटरची वायर नेताना त्यांना हात लागता कामा नये. काही गाड्यांमध्ये बाजूची धडक ओळखणारा दाबमापक सेन्सर दारातच असतो. अशा दारात भोके पाडण्याआधी किंवा बंद करण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारणे आवश्यक आहे.

आवाजाची मर्यादा किती?

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ दरम्यान ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती दिवसा ५० आणि रात्री ४० आहे. वूफरच्या पेटीसाठी मागचे सीट कायमचे काढले तर आसनसंख्या बदलते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मर्यादा केवळ चार तासांवर येते. रोज नगर ते पुणे जाणाऱ्याचा आठवड्याचा हिशेब दोन दिवसांत संपू शकतो. ऊस हंगामात ट्रॅक्टरवरच्या कर्कश गाण्यांमुळे चालकाला मागचा हॉर्न ऐकू येत नाही, ही तक्रार सगळ्यांच्या परिचयाची आहे. बंद काचांच्या कारमध्ये रुग्णवाहिकेच्या सायरनचेही तेच होते.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत?

सर्वात आधी कप्पे रिकामे करणे, फिल्टर लावणे आणि खडखडीची जागा शोधणे. यात खर्च नाही. नंतर क्लिपा आणि टेप. मग पुढच्या दोन दारांचे डॅम्पिंग. पुढच्या सीटवरील श्रोत्यासाठी मागच्या दारांचा फरक कमी असतो, ती नंतरही करता येतात. एवढे झाल्यावर आठवडाभर गाडी नेहमीच्या रस्त्यावर चालवून पाहावी. तरीही बेस कमी वाटला तर छोटा वूफर घ्यावा. दारांचे स्पीकर आणि त्यांच्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर हा शेवटचा खर्च. दुकानात काम देताना दार उघडे असतानाचे फोटो मागावेत, म्हणजे शीट कुठे लावली, छिद्रे मोकळी आहेत का आणि वायर कुठून नेली, हे पॅड बंद झाल्यावरही दाखवता येते.