कार्ड हातात, दवाखाना दूर

2020 साली जगभरात सुमारे 2,87,000 स्त्रिया गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर लगेच दगावल्या. त्यांतल्या जवळपास 95 टक्के गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. या मृत्यूंची कारणं वैद्यकशास्त्राला कधीचीच ठाऊक आहेत: रक्तस्राव, रक्तदाब वाढून येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेलं बाळंतपण. मग अडतं ते फक्त पैशावर, असं मानून अनेक देशांनी आरोग्यविम्याचा रस्ता धरला. विम्यामुळे बायका दवाखान्याच्या दारापर्यंत आल्या, हे त्याचं खरं श्रेय. पण दाराच्या आतली सज्जता विम्याच्या हिशेबात सहसा नसते, आणि जीव वाचतो किंवा जातो तो तिच्यावर.

घानाचा अनुभव यासाठी नीट पाहण्यासारखा आहे. तिथे आधी गरीब प्रांतांत आणि मग 2005 पासून देशभर बाळंतपणाचं शुल्क माफ झालं. निधी आटला तशी रुग्णालयं पुन्हा पैसे घेऊ लागली. राष्ट्रीय आरोग्यविम्याचा कायदा 2003 चा. त्याखाली जुलै 2008 पासून गरोदर स्त्रियांना हप्ता माफ झाला आणि तपासण्यांपासून सिझेरियनपर्यंत सगळं विम्यात आलं. दवाखान्यातली बाळंतपणं 2008 च्या सुमारे 57 टक्क्यांवरून 2017 पर्यंत 79 टक्क्यांवर गेली. तरीही 2017 च्या पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे 310 मातामृत्यू आढळले. रुग्णालयांचे दावे महिनोन्‌महिने थकत. दावा थकला की औषधविक्रेत्याची उधारी थकते, आणि मग कार्ड असलेल्या बाईच्या घरच्यांनाही औषधं, हातमोजे बाहेरून आणायला सांगितलं जातं. रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन 2 ते 8 अंश तापमानात ठेवावं लागतं. फ्रीज वारंवार बंद पडत असेल तर कुपी दिसते तशीच, औषधाचा जोर मात्र ओसरलेला असतो. बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव आटोक्यात आला नाही तर दोनेक तासांत सगळं संपू शकतं. दाव्याच्या कागदावर मात्र ‘प्रसूती झाली’ एवढीच नोंद उरते.

यावर रवांडाकडे बोट दाखवलं जातं. तिथल्या सामुदायिक विम्याच्या काळात दवाखान्यातली बाळंतपणं 2010 च्या 69 टक्क्यांवरून 2014-15 मध्ये 91 टक्क्यांवर गेली आणि मातामृत्यूचं प्रमाण 476 वरून 210 पर्यंत उतरलं. हे यश मोठंच आहे. पण त्याच काळात रवांडाने गावोगाव आरोग्यसेविका नेमल्या आणि आरोग्य केंद्रांना कामाच्या दर्जानुसार पैसे दिले. 166 केंद्रांच्या एका अभ्यासात नुसत्या या मोबदल्यानेही दवाखान्यातली बाळंतपणं 23 टक्क्यांनी वाढलेली दिसली. विमा तिथे एकटा नव्हता.

सरकारी दवाखाना दुबळा असेल तर खाजगी डॉक्टरांकडून सेवा विकत घ्यावी, हा दुसरा आक्षेप. गुजरातने 2005 मध्ये चिरंजीवी योजनेतून तेच केलं. सिझेरियनचा मोह राहू नये म्हणून शंभर बाळंतपणांमागे ठरावीक रक्कम दिली. कल्पना हुशार होती. तरी पुढे झालेल्या मोठ्या मूल्यमापनात दवाखान्यातल्या बाळंतपणांत किंवा कुटुंबाच्या खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. एक कारण उघड आहे: स्त्रीरोगतज्ज्ञ शहरात आणि बाळंतीण पाड्यावर. दर कितीही नेमका ठरवला तरी त्याने हे अंतर कमी होत नाही.

म्हणून विमा मोडीत काढावा, असं मी म्हणणार नाही. बिलाच्या धास्तीनेच घरातून निघायला उशीर होतो, आणि ती धास्ती कार्डाने नक्की कमी होते. पण बाळंतपणागणिक पैसे देण्याची रीत विरळ वस्तीच्या भागाला मारक आहे. महिन्याला मोजकीच बाळंतपणं होणाऱ्या रुग्णालयालाही शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा रात्रंदिवस तयार ठेवावा लागतो. दाव्यांच्या रकमेत ते भागणार कसं? अशा ठिकाणी सज्जतेसाठी ठरावीक वार्षिक रक्कम, वेळेवर आणि आगाऊ, द्यायला हवी. महाराष्ट्राच्या आदिवासी जिल्ह्यांतली माहेरघरं याच विचाराची आहेत. दिवस भरत आलेली बाई कळा सुरू होण्याआधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहते, म्हणजे पावसाळ्यात नाला भरला तरी ती अलीकडे अडकत नाही. त्या मुक्कामात आजार नसतो, उपचार नसतो, म्हणून दावाही नसतो. विम्याच्या चौकटीत बसत नसला, तरी हा खर्च आरोग्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे आणि कायमचा धरला गेला पाहिजे.