रॅलीचे रथी आणि त्यांचे सारथी

यंदाच्या अंकासाठी मी रॅलीवर लेख लिहिते आहे असे मैत्रिणींना सांगितले, तेव्हा पहिला प्रश्न आला, "कोणत्या पक्षाच्या?" दोष त्यांचा नाही. आपल्याकडे रॅली म्हटले की झेंडे आणि घोषणाच डोळ्यांसमोर येतात. परंतु याच नावाचा मोटारींचा एक खेळ जगात शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. 1911 साली युरोपातल्या निरनिराळ्या शहरांतून निघालेल्या मोटारी मोनॅको येथे एकत्र जमल्या. तीच पहिली मॉन्टे कार्लो रॅली होय. एकत्र जमणे या अर्थानेच हा शब्द या खेळाला चिकटला.

या विषयाकडे मी वळले त्याला एक घरगुती कारण आहे. माझे वडील ट्रकचालक आहेत. खामगावहून रुईच्या गाठी घेऊन ते महामार्गाने मलकापूरच्या बाजूला किंवा अकोल्याच्या बाजूला जातात. गाडी चालविणे हे पोट भरण्याचे साधन आहे एवढेच आमच्या घरी ठाऊक होते. ती एक विद्याही आहे आणि त्या विद्येत जगज्जेते होतात, हे मला महाविद्यालयाच्या वाचनालयात कळले.

प्रथम हा खेळ समजून घेऊ. नेहमीच्या मोटार शर्यतीत सर्व गाड्या एकाच वेळी सुटतात व एकाच गोल मार्गावर फेऱ्या मारतात. रॅलीत तसे नसते. येथे गाड्या काही मिनिटांच्या अंतराने एकेक करून सोडतात. शर्यत प्रतिस्पर्ध्याशी असली, तरी तो समोर दिसत नाही. दिसते ते घड्याळ. रस्ता मुद्दाम बांधलेला नसतो. घाटातला, जंगलातला, मुरमाचा, बर्फाचा, जसा असेल तसा गावचा रस्ता काही तासांपुरता रहदारीला बंद करतात. अशा प्रत्येक तुकड्याला 'स्पेशल स्टेज' म्हणतात. सर्व स्टेजेसचा वेळ एकत्र करून ज्याचा सर्वांत कमी, तो विजयी. दोन स्टेजेसमधील अंतर मात्र सामान्य रस्त्याने, रहदारीचे सर्व नियम पाळून आणि ठरल्या वेळेतच कापावे लागते. तेथे उशीर झाला तर दंड होतोच, पण लवकर पोहोचले तरीही होतो.

मुरमाच्या रस्त्यावर पहिला जाणारा तोट्यात असतो. वरचा सुटा मुरूम त्याच्या चाकांनी बाजूला होतो आणि मागच्यांना घट्ट रस्ता मिळतो. पेरणीच्या दिवसांत चिखलातून पहिली बैलगाडी नेणाऱ्यास हे समजावून सांगावे लागणार नाही!

आता मुख्य गोष्ट. रॅलीच्या गाडीत दोन माणसे असतात. एक चालक आणि दुसरा सहचालक. हा सहचालक स्टेजवर गाडी चालवीत नाही, तो वाचतो. रॅलीपूर्वी दोघांना तोच रस्ता साध्या गाडीतून, सावकाश, सामान्यतः दोनदा पाहू देतात. त्या वेळी चालक प्रत्येक वळण सांगतो व सहचालक ते लिहून घेतो. वळण किती तीव्र, पुढचे किती मीटरवर, चढ संपताच रस्ता कोणीकडे वळतो, दगड कोठे आहे, सारे काही. या टिपणांना 'पेस नोट्स' म्हणतात. प्रत्यक्ष स्पर्धेत सहचालक त्या अचूक वेळी मोठ्याने वाचतो आणि चालक पुढचे वळण दिसण्याआधीच गाडी त्यासाठी तयार करतो. चढापलीकडचे काही दिसत नसते. तेथे डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास टाकावा लागतो. एक ओळ चुकली तर गाडी दरीत. म्हणून जागतिक स्पर्धेत सहचालकांनाही स्वतंत्र विजेतेपद दिले जाते.

जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा 1973 साली सुरू झाली. आरंभी विजेतेपद फक्त गाड्यांच्या कंपन्यांना मिळे. चालकांचे जागतिक विजेतेपद 1979 पासून दिले जाऊ लागले आणि स्वीडनचा ब्यॉर्न वाल्डेगार्ड हा त्याचा पहिला मानकरी ठरला. फिनलंडच्या हानू मिकोलाला त्याने केवळ एका गुणाने मागे टाकले. मिकोलाने 1983 साली ती उणीव भरून काढली. फिनलंडच्याच युहा कांकुनेनने चार वेळा आणि टॉमी मॅकिनेनने 1996 ते 1999 अशी सलग चार वर्षे विजेतेपद मिळविले.

फ्रान्सचा सेबास्तियन लोब याची कथा मला विशेष वाटते. तो आधी जिम्नॅस्टिक्सचा खेळाडू होता व इलेक्ट्रिशियन म्हणून काम करीत असे. त्याने 2004 ते 2012 अशी सलग नऊ विजेतेपदे घेतली. नऊही वेळा शेजारच्या आसनावर डॅनियल एलेना हाच सहचालक होता. त्याचाच देशबांधव सेबास्तियन ओजिए याने 2025 साली नववे विजेतेपद मिळवून लोबची बरोबरी केली. याच ओजिएने 2011 साली जॉर्डनची रॅली अवघ्या 0.2 सेकंदाने जिंकली होती. दोन दिवसांची धाव आणि निकाल पापणी लवण्याइतका! फिनलंडचा कॅले रोवानपेरा 2022 साली वयाच्या बाविसाव्या वर्षी जगज्जेता झाला. त्याच्या आणि आमच्या वर्गातल्या मुलांच्या वयात अंतर ते किती?

हा पुरुषांचाच खेळ असे कोणी समजू नये. फ्रान्सच्या मिशेल मुटोंने 1981 साली इटलीतील सान रेमोची रॅली जिंकली. जागतिक फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. तिची सहचालक फाब्रिझिया पोन्स हीही स्त्रीच होती. 1982 मध्ये मुटोंने पोर्तुगाल, ग्रीस व ब्राझील अशा तीन रॅली जिंकल्या आणि ती जगात दुसरी आली.

या खेळाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. 1980 नंतरच्या काही वर्षांत 'ग्रुप बी' नावाच्या फार शक्तिशाली गाड्या आल्या. 1986 साली पोर्तुगालमध्ये गाडी गर्दीत घुसून प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी कॉर्सिका बेटावर हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो हे दोघे अपघातात गेले. त्यानंतर त्या गाड्यांवर बंदी आली. वेगाला मर्यादा हवी हे जगाने किंमत मोजून शिकले.

आता आपल्याकडे वळू. शेखर मेहता हा भारतीय वंशाचा चालक युगांडात जन्मला व 1972 नंतर केनियात स्थायिक झाला. पूर्व आफ्रिकेतील अवघड सफारी रॅली त्याने 1973 साली आणि पुढे 1979 ते 1982 सलग, अशी पाच वेळा जिंकली. 1973 साली तर त्याचे व दुसऱ्या क्रमांकाच्या चालकाचे दंडाचे गुण सारखेच होते.

महाराष्ट्राचा संबंधही जुना आहे. 1980 साली भारतात हिमालयन रॅली सुरू झाली. तिच्या उभारणीत मुंबईच्या नझीर हुसेन यांचा मोठा वाटा होता. आपल्या नाशिकच्या परिसरात राष्ट्रीय स्पर्धेतील 'रॅली ऑफ महाराष्ट्र' झालेली आहे. पुण्याचे संजय टकले यांनी आशियातील अनेक रॅलींत भाग घेतला आणि जानेवारी 2025 मध्ये सौदी अरेबियाच्या वाळवंटात डकार रॅलीच्या 'क्लासिक' विभागात जुनी टोयोटा लँड क्रूझर चालवून ती रॅली पूर्ण केली. या विभागात जुन्या गाड्या असतात आणि नुसत्या वेगापेक्षा ठरवून दिलेली गती अचूक राखण्याला महत्त्व असते. दिल्लीच्या गौरव गिल यांनी 2013, 2016 व 2017 साली आशिया-पॅसिफिक विजेतेपद मिळविले. 2019 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा मोटार चालविणे हाही क्रीडाप्रकार आहे यावर सरकारी मोहोर उमटली.

महाभारतात रथी आणि सारथी दोघे एकाच रथात. अर्जुनाला कृष्ण लाभला, कर्णाला शल्य. कर्णाच्या बाहूंत बळ कमी नव्हते, पण शेजारून येणारा शब्द धीर देणारा नव्हता. रॅलीत लगाम चालकाच्या हाती असतो आणि शब्द सहचालकाचा, एवढाच फरक.

हे वाचताना मला राहून राहून एक रात्र आठवे. मी पाचवीत होते. दिवाळीच्या सुटीत वडिलांबरोबर ट्रकमध्ये बसले होते. वडिलांना अक्षरओळख नाही. रस्ते त्यांना झाडांवरून, पुलांवरून, ढाब्यांवरून पाठ. त्या रात्री अनोळखी रस्त्यावर दिव्याच्या उजेडात एक पाटी चमकली. "वाच वं बाई, काय लिहेल हाये," ते म्हणाले. मी वाचले, "पूल बंद, डावीकडे वळा." त्यांनी लगेच गाडी हळू केली आणि डावीकडे घेतली. मी बरोबर वाचले की नाही हे त्यांनी विचारले नाही. दहा वर्षांच्या मुलीच्या शब्दावर त्यांनी भरलेला ट्रक वळविला.

आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. प्रवेश अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात गेल्या वर्षी मी 'खाजगी नोकरी' असे मोघम लिहिले होते. त्याची आता मला लाज वाटते. यंदा मी 'ट्रकचालक' असे लिहिले. त्यांच्या नावावर एकही चषक नाही. पण खाचखळग्यांच्या रस्त्यावरून, ठरल्या वेळी, माल आणि माणूस दोन्ही सुखरूप पोहोचविणे ही रॅलीची व्याख्या असेल, तर ती स्पर्धा ते रोज पुरी करतात. आणि त्यांच्या गाडीतला सहचालकाचा मान, काही रात्रींपुरता का होईना, माझ्याकडे होता.

(द्वितीय वर्ष, कला)